आत्याबाईंच्या तोंडून पतंगवाला

मामंजी, मी तुमच्याशी कधीच बोलले नाही. तुमच्या घरात सून म्हणून पहिलं वर्ष काढलं, नंतर मिरजेहून सुट्टीला येत राहिले, तुम्हाला चहा केला, भाकरी केल्या, तुमचे धोतराचे जोड धुतले. पण तुमच्याकडे तोंड करून एक शब्द बोलले नाही, आणि तुम्हीही माझ्याशी नाही. आज बोलतेय. वय झालं की माणूस भिंतीशीही बोलतं, तुम्ही तर माझे सासरे. तुमचा मुलगा आतल्या खोलीत गुडघ्याला तेल लावून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतोय. त्याला वाटतंय मी किराणाची यादी करतेय. करू दे समज. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी तुमच्यावर एक राग धरून होते आणि गेल्या महिन्यात तो राग साफ खोटा निघाला. एवढं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्यांना सांगायचं ते तुम्हीच.

मी वाईकडची. बारावी झाले तेव्हा मिरजेला नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागल्याचा कागद आला, आणि त्याच आठवड्यात तुमच्याकडून सोयरीक आली. मुलगा मिलिटरीत, जमीन बागायती, सासरा रिटायर्ड हेडमास्तर. माझ्या वडिलांनी हिशेब असा केला की मिरज काय पळून जात नाही, स्थळ मात्र जाईल. तो कागद मी ट्रंकेत साड्यांच्या तळाशी घालून सासरी आणला. तुमचा मुलगा वीस दिवसांची रजा संपवून गेला आणि जाताना एवढंच म्हणाला, "आई म्हनंल तसं." पाहुणे पांगले त्या दिवशी मी सासूबाईंना, मी आत्याबाई म्हणायची त्यांना, कागद दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आमच्या घरची सून परक्या बाप्यांचं मूत काडाय जायाची न्हाई. ठिऊन दे त्यो कागुद." झालं. विषय संपला.

मग मी फुगले. माझं ते फुगणं तुम्हाला आठवत असेल. माहेरी मला सगळे तोंडाळ म्हणायचे. सासरी मी मुकी झाले आणि सगळा राग भाकरीवर काढला. एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. तुम्ही निमूटपणे खायचात. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी डोक्यावर पदर घेऊन तुमचा चहा बाहेर आणला. तुम्ही सोप्यात बसला होतात, डोळ्यांवर तो खाली-वर दोन भिंगांचा चष्मा. मी कप पुढे केला, तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत आणि हाक मारलीत, "अगं ए, सुनेच्या हातातला चहा घे." आत्याबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या, माझ्या हातातला कप घेतला आणि दोन पावलांवर तुम्हाला दिला. मला वाटलं, यांच्यात सासरा सुनेशी बोलत नाही. असं असतं म्हणून मी आजीकडून ऐकलं होतं. शेजारच्या चुलत घरातल्या सुनेशी तुम्ही ओट्यावर बसून खुशाल गप्पा मारायचात, तेही मी बघत होते. पण म्हटलं, स्वतःच्या सुनेपुरता नियम असेल. कुणाला विचारणार? विचारायला बोलावं लागलं असतं, आणि मी तर फुगले होते.

रिटायर झाल्यावर तुम्ही गावच्या दूध डेअरीच्या भिंतीवर एक काळा फळा रंगवून घेतला होता. रोज सकाळी लोक किटल्या घेऊन रांगेला लागायच्या आत त्यावर एक सुविचार लिहायचा, हे तुमचं व्रत. सुविचार सगळे एका माणसाचे. अमेरिकेतला कोणे एके काळचा एक गृहस्थ: छापखाना चालवणारा, पुढे देशाचा मोठा मुत्सद्दी झालेला, ढगातली वीज ओळखायला पावसात पतंग उडवणारा, आणि म्हणे तुमच्या नाकावरचा तो दोन भिंगांचा चष्माही त्याचीच करामत. तुम्ही म्हणायचात, मी त्याचाच चष्मा लावून त्याचंच पुस्तक वाचतो. त्या इंग्रजी पुस्तकात त्याची स्वतःची हकिकत होती आणि मागे त्याच्या म्हणी. घरात आत्याबाई त्याला पतंगवाला म्हणायच्या. तुमचं इंग्रजी पक्कं होतं, पण मराठी पडलं शाळेचं. फळ्यावर उतरायचं ते असं: "अतिथी हा अल्पकाळच प्रिय असतो." डेअरीतली माणसं म्हणायची, "गुर्जी, घरला पावनं आल्यात वाटतं?" आणि किटली घेऊन पुढे सरकायची.

तुम्हाला पहिल्यांदा अडलं तो दिवस मला लख्ख दिसतो. मी चुलीपुढे, आत्याबाई परातीत पीठ मळतायत, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहता. तोंड भांड्यांच्या मांडणीकडे. हातात पुस्तक.

"ऐकलंस का," तुम्ही आत्याबाईंना म्हणता, "हा म्हातारा म्हणतो, पाहुणा आणि मासा, दोन्ही तीन दिवसांत वास मारतात. डेअरीत निम्मी घरं जैनांची, त्यांच्यापुढं मासा कसा मांडू? सुनेला विचार, तिच्याकडं याला काय म्हणतात. मला अडलंय."

"ती हितंच हाय की. कान हायत तिला."

"तू विचार. मला अडलंय म्हणून सांग."

आत्याबाईंनी आधी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आमच्या दोघांत दीड हाताचं अंतर असताना मोठ्यानं मला म्हणाल्या, "अगं, त्येंचा पतंगवाला म्हनतुया, पावनं तीन दिस ऱ्हायलं की घान सुटती. तुमच्यात काय म्हंत्यात?"

मी तव्याकडे बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई."

"असं म्हंत्यात," आत्याबाईंनी तुम्हाला सांगितलं. जरा थांबून पुढे, "आन् ही म्हन आमच्यातबी हाय. वाईचीच हाय आसं न्हाई."

"मग आधी का नाही सांगितलीस?"

"तुमी कवा इचारलं?"

तुम्ही पुस्तक मिटलंत. खडू घेऊन गेलात. त्या सकाळी डेअरीतून लोकांचं हसणं आमच्या परसापर्यंत आलं. आत्याबाई पीठ मळायच्या थांबल्या, कान देऊन ऐकलं, आणि मला म्हणाल्या, "हसल्यात." बस्स, एवढंच. पण त्या कागदानंतर त्या माझ्याशी कामाखेरीज बोलल्या तो पहिला शब्द.

तिथून ते रोजचं झालं. सकाळी उंबऱ्याशी तुम्ही, मधे आत्याबाई, चुलीपुढे मी. तुम्ही म्हाताऱ्याचं म्हणणं सांगायचात, आत्याबाई ते वळवून मला सांगायच्या, माझं उत्तर घेऊन परत तुमच्याकडे. वळवताना त्याचं काहीच्या काही व्हायचं. तुम्ही म्हणालात, बारीकशा भोकानं मोठं जहाज बुडतं. आत्याबाई म्हणाल्या, "आमी जहाज कुठं बगितलंय? डेअरीतल्या कुनी बगितलंय? रांजन म्हना." मग आम्ही दोघींनी मिळून रांजण केला: रांजणाला बारीक चीर, सकाळी तळ कोरडा. पंधरा दिवसांत आत्याबाई मला विचारायच्या आधी स्वतःच एक म्हण ठोकून द्यायला लागल्या. संगतीबद्दल तुम्ही काही आणलंत की त्यांचं तयार असायचं, "ढवळ्याशेजारी बांदला पवळ्या, वान न्हाई पन गुन लागला, आनि काय!" आणि माझ्याकडे वळून, "तुला येगळी ठाव हाय का?" मला ठाऊक असली तरी मी कधी कधी नाही म्हणायची. त्यांचा चेहरा फुलायचा तो बघायला मला आवडायला लागलं होतं.

एकदा तुमच्या म्हाताऱ्यानं गुपिताबद्दल काहीतरी तिरकस म्हटलं होतं. तिघांत गुपित राहतं, पण त्यातले दोघे मेलेले असले तर. मी म्हटलं, आपल्यात षट्कर्णी म्हणतात, सहा कानांवर गेलं की फुटलं. आत्याबाईंनी बोटांवर कान मोजले. फळ्यावरच्या म्हणी स्वयंपाकघरातून येतात हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असलेले आपण तिघंच. त्या म्हणाल्या, "मंजी आपलं सा कान झालं. मग आदी मरायचं कुनी?" तुम्ही इतके हसलात की चष्मा हातात घ्यावा लागला. आणि लगेच भिंतीकडे वळलात, माझ्याकडे बघून हसायला नको म्हणून.

तुमची बोलणी मी एकदाच खाल्ली, तीही आत्याबाईंच्या तोंडून. म्हाताऱ्यानं पतंग उडवून वीज कशी ओळखली ते तुम्ही सांगितलंत आणि आत्याबाईंनी मला सांगितलं की त्यानं पतंगाला वीज पाजली. मी खो खो हसले. हसता हसता म्हणाले, "आत्याबाई, वीज काय दूध आहे पाजायला?" त्यांचे पिठाचे हात परातीत तसेच राहिले. उंबऱ्यावरून तुमचा आवाज आला, शाळेतला आवाज, "तिला सांग, निरोप आणणाऱ्याला हसायचं नसतं. निरोप्या नसला की दोन्हीकडची माणसं मुकी." आत्याबाईंनी तो निरोपही इमानानं माझ्यापर्यंत आणला, शब्द न शब्द, फक्त शेवटी जोडलं, "आसं म्हन्त्यात. मला काय राग आला न्हाई." मी त्यांची क्षमा मागितली. सासूची क्षमा मागायला मला तोवर दुसरं काही कारण सापडलं नव्हतं.

मग उन्हाळ्यात एक किल्लीची म्हण आली. वापरातली किल्ली चकचकीत राहते, असा तिचा अर्थ. आत्याबाईंनी कमरेचा जुडगा काढून बघितला. धान्याच्या कोठीची किल्ली आरशासारखी, आणि कुठल्या तरी जुन्या पेटीची तांबडी, गंजलेली. मला म्हणाल्या, "खरं हाय की गं. तुमच्यात काय म्हंत्यात?" मी म्हटलं, "आमच्याकडं किल्लीचं नाही, विहिरीचं आहे. उपसती विहीर गोड." त्यांनी जुडगा पुन्हा कमरेला खोचला. तुम्हाला सांगायचंही विसरल्या. तुम्ही उंबऱ्याशी बराच वेळ मांडणीतली भांडी मोजत उभे राहिलात. दोन दिवसांनी धुणं वाळत घालताना त्यांनी मला विचारलं, "ती उपसती हीर तू कुनाला म्हनलीस?"

"कुणाला नाही, आत्याबाई. म्हण आहे."

"मिरजेचा त्यो कागुद हाय का टाकलास?"

"आहे. पण गेल्या सालचा. आता नवा अर्ज लागेल."

त्या ओल्या हातानं तशाच घरात गेल्या आणि मी दोरीपाशी उभी राहून ऐकलं. "आवं, ऐकलंसा का? पोरीला मिरजेला धाडायची." आणि तुम्ही म्हणालात, हे मी माझ्या कानांनी ऐकलं मामंजी, तुम्ही म्हणालात, "बघ बाई. परक्या माणसांची सेवा. लोक काय म्हणतील? मला काही बरोबर वाटत नाही."

"लोकांचं मला सांगू नगा. डोस्कं हाय पोरीला. हितं बसून शेवाळ धरंल. मी म्हन्ते जाईल, म्हंजी जाईल."

"तू म्हणतेस तर मी कोण अडवणार," असं तुम्ही पुटपुटलात. मी दोरीवरच्या ओल्या लुगड्यात तोंड खुपसून रडले. आत्याबाईंसाठी रडले. तुमच्यावर त्या दिवशी पहिली अढी बसली. माझ्या म्हणी चालतात, माझं शिकणं चालत नाही, असं मनाशी म्हटलं.

मिरजेला मला सोडायला आत्याबाई आल्या. तुम्ही एसटी स्टँडवर आमच्यापासून दहा पावलं लांब उभे होतात. गाडी लागल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक आत्याबाईंच्या हातात दिलंत, "तिला दे. इंग्रजी आलं की वाच म्हणावं." आत्याबाईंनी ते मला दिलं आणि तुम्ही ऐकाल अशा आवाजात निरोप सांगितला. मी मान हलवली. तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. वॉर्डात कळलं. मी आले तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं, आणि तेव्हाही मी डोक्यावर पदर घेऊन बायकांत उभी राहिले. बोलायचं काय, आणि कसं, हे मला माहीतच नव्हतं.

पुस्तक वाचायला मला आणखी चार वर्षं लागली. वॉर्डात डॉक्टरांचं इंग्रजी ऐकून ऐकून माझं सुधारलं, तेव्हा दुपारच्या निवांत तासाला वाचायला घेतलं. मजा वाटत होती. आमचे सगळे पाहुणे, रांजण, किल्ल्या मूळ कपड्यांत भेटत होत्या. आणि मग ते पान आलं. त्या म्हाताऱ्याचा सभेत एक विरोधक होता. त्याला वश कसं करायचं? म्हाताऱ्यानं त्याची मनधरणी केली नाही. त्याच्याकडचं एक दुर्मिळ पुस्तक थोडे दिवस वाचायला मागितलं, आणि आभार मानून परत केलं. तो विरोधक जन्माचा मित्र झाला. तात्पर्य असं की ज्यानं तुमचं एक काम केलं तो दुसरंही करायला तयार असतो. त्या ओळींखाली पेन्सिलीची दोन वेळा ओढलेली रेघ होती आणि कडेला तुमच्या वळणदार अक्षरात: "आपल्या घरी हाच उपाय."

मामंजी, ते वाचून मी सरळ हिशेब मांडला. घरात विरोधक कोण होतं? मी. फुगून बसलेली, भाकऱ्या करपवणारी. उसनं कुणाकडून मागितलं? माझ्याकडून, म्हणी. आणि मऊ कोण झालं? मीच. त्या सकाळींना मी काय समजत होते तुम्हाला सांगते. त्या घरात, माझ्या माहेरातसुद्धा, माझ्या डोक्याला काही विचारणारे तुम्ही पहिले होतात. भाकरीला नाही, अंगावरच्या सोन्याला नाही, डोक्याला. "मला अडलंय" असं एक हेडमास्तर माझ्यापाशी, भिंतीकडे तोंड करून का होईना, म्हणत होता. त्यावर मी मिरजेची तीन वर्षं काढली. परीक्षेच्या आधी धीर सुटला की मी स्वतःला सांगायची, बाई गं, गुरुजींना अडतं तेव्हा तुला विचारतात. आणि ते सगळं औषध निघालं, सुनेला गुण यावा म्हणून दिलेलं. वर मिरजेला नाही म्हणणारेही तुम्हीच. पोरीला चुलीपाशी रमवायची, म्हणजे कागद विसरेल. मला सगळं जुळलेलं दिसलं. पुस्तक मिटलं ते पुन्हा उघडलं नाही.

त्यानंतर जन्मभर मी एकच सांगत आले, मी सिस्टर झाले ती सासूबाईंमुळं. ते खरंच होतं. निवृत्तीच्या समारंभातही तेच बोलले, आत्याबाईंचं नाव घेऊन रडले, तुमचं घेतलं नाही. गंमत अशी की ज्या युक्तीचा मला एवढा संताप, ती मी वॉर्डात रोज वापरत होते. ऑपरेशननंतर तोंड फिरवून पडलेला एखादा तिरसट म्हातारा असला, गोळी घेत नसला, की मी त्याला विचारायची, "काका, तुमी शेतकरी मानूस, माझ्या गॅलरीतल्या लिंबाला फळ धरंना, काय करू?" दोन दिवसांत तो गोळीही घ्यायचा आणि मला शिव्याही द्यायचा, पाणी लय घालतेस म्हणून. आणि हे सांगायला हवं, मी लिंबाला पाणी खरंच कमी केलं, आणि लिंबू खरंच धरलं. म्हणजे विचारताना ती युक्ती असायची, ऐकताना राहायची नाही. हे मला कळत होतं. तरी तुमच्या बाबतीत मी ते कळू दिलं नाही. राग एकदा मुरला की लोणच्यासारखा, फेकवत नाही.

गेल्या महिन्यात वन्संना मिरजेला ऑपरेशनसाठी आणलं. खुब्याचं. तुमची लेक आता पंचाहत्तरीला आली, जिभेला मात्र तुमच्याइतकीच धार. त्यांना मी दुपारी डबा घेऊन जायची. एकदा शेजारच्या कॉटवरची पोरगी सासऱ्याशी फोनवर हसून खिदळून बोलत होती. मी सहज म्हटलं, "काय दिवस आले वन्सं. आपल्यात सासऱ्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती."

वन्संनी घास हातातच धरला. "आपल्यात? आपल्यात कवा व्हतं तसं?"

"मामंजी माझ्याशी कधी बोलले का?"

"आगं, ते तुमच्या वाईकडचं न्हवं का? आई तर आमाला तसंच सांगायची. वाईच्या पोरी सासऱ्याशी बोलत न्हाईत, पोरीला अवघाडल्यागत हुतंय, म्हनून मी मदी बसती."

"वाईकडं नाही तसलं काही. मला वाटलं, तुमच्या घरचं."

वन्संनी घास परत डब्यात ठेवला. मग वन्सं हसायला लागल्या. टाके दुखतील म्हणून मी त्यांच्या खुब्यापाशी उशी दाबून धरली, तरी थांबेनात. "आबा!" त्या म्हणाल्या. "आगं, आबांनीच आईला तसं भरवलं आसंल, त्यांचंच काम हाय ह्ये. मला तवा सांगितलं व्हतं त्यांनी, पन मला वाटलं चेष्टा करत्यात." आणि मग त्यांनी सांगितलं. त्या सालच्या दिवाळीला माहेरी आल्या तेव्हा त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, वैनी मिरजेला जायचं म्हणत होती त्याचं काय झालं? तुम्ही म्हणालात, तुझ्या आईला सरळ सांगितलं की ती उलट करते. मी पाठव म्हटलं तर ती मरेपर्यंत पाठवणार नाही. तिच्याकडून काही हवं असेल तर तिच्याकडेच मदत मागायची. म्हणून मधे बसवलीय. रोज मला तिची गरज लागते, सुनेला तिची गरज लागते. बघ, वर्षाच्या आत तीच पोरीचा हात धरून मिरजेला जाईल, आणि मी नको नको म्हणेन. "आन् वैनीला सांगू नगंस म्हनाले. तिला वाटाय पायजे सासूनं धाडली. सासूसंगं तिला जलम काडायचाय, माज्यासंगं न्हवं."

म्हणजे विरोधक मी नव्हतेच. लेकी बोले सुने लागे, एवढं मला येत होतं. तुम्ही ते उलटं फिरवून सुनेला विचारलंत आणि लावलंत सासूला. आणि मी, जिला सगळ्या म्हणी पाठ, एवढी साधी गोष्ट ओळखू शकले नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं कशाला म्हणतात ते मी इतरांना समजावत होते आणि भांडं माझ्या डोळ्यांदेखत रोज उंबऱ्यावर होतं.

तरी एक काटा राहिला होता. मी वन्संना विचारलं, "मग माझ्या म्हणी? त्या नुसत्या निमित्ताला?"

"आगं, निमित्त कसलं? आदीच्या सुविचारांकडं म्हशीबी बगत नव्हत्या. तुज्या म्हनी सुरू झाल्या तवा लोक किटली रिकामी झाली तरी थांबाय लागलं. आबा सांगायचं, माजा पतंगवाला जित्ता आसता तर ह्या पोरीला आपल्या छापखान्यात कामाला घिऊन गेला आसता."

आम्ही दोघी एवढ्या हसलो की ड्यूटीवरची सिस्टर येऊन रागावली, "आजी, हा वॉर्ड आहे." मी सिस्टर होते हे तिला सांगितलं नाही. कॉरिडॉरमध्ये येऊन बाकावर बसले आणि मग मात्र मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. छातीवरचा दगड उतरला म्हणतात, तो किती जड होता ते उतरल्यावरच कळतं. तुम्ही मला फसवलं नव्हतं. तुम्हाला खरंच अडलं होतं, दोन्हीकडून अडलं होतं, आणि बायकोला न दुखवता, सुनेला न मिंधं करता तुम्ही वाट काढलीत. भिंतीकडे तोंड करून. वर्षभर. माझ्याशी एक शब्द बोलायची हौस तुम्हालाही असणार मामंजी. ती तुम्ही मारलीत, आणि मला ते कळूही दिलं नाहीत. सुट्टीला आले तेव्हाही ते सोंग सोडलं नाहीत, कारण सोडलं असतं तर आत्याबाईंना कळलं असतं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला मिरजेला कुणी पाठवलं, याचं उत्तर मी अजूनही आत्याबाई असंच देणार आहे. ते तुम्हालाही तसंच हवं होतं.

हे पत्र पाठवायचं तरी कसं? तुमचा पत्ता नाही, आणि निरोप न्यायला आत्याबाईही नाहीत. त्या असत्या तर यातलं निम्मं त्यांनी आपल्या मनानं बदलून सांगितलं असतं आणि ते बहुतेक याहून बरं झालं असतं. मी हे कपाटात रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवीन. तिथं तुमचा मुलगा कधी हात घालत नाही.

एक राहिलं. मी अजून नोकरीत असताना डेअरीची नवी इमारत झाली. चेअरमनचा मला फोन आला. म्हणाला, "वैनी, गुर्जींच्या नावानं नवा फळा केलाय. पयली म्हन घरातल्या मानसानं लिवावी आसं समद्यांचं मत हाय. तुमी या." मी म्हटलं, मला त्या दिवशी ड्यूटी आहे, बदली मिळणार नाही. नंतर कळलं की लोक हार घेऊन अर्धा तास थांबले होते. मग चेअरमननं स्वतःच खडू घेतला आणि लिहिलं, "दुधात पाणी घालू नये." त्या दिवशी मला ड्यूटी नव्हती, मामंजी. माझी सुट्टी होती. मी घरी बसून वाटाणे सोलत होते.